जॅकेट घातलं की सर्व्हिस डॉग?

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यातला दावा असा : अमेरिकेत ऑनलाइन पैसे भरून सर्टिफिकेट आणि लाल जॅकेट मागवलं की घरचा कुठलाही कुत्रा सर्व्हिस डॉग (म्हणजे अपंग माणसाच्या मदतीचं काम शिकवलेला कुत्रा) होतो, विमानातही फुकट जातो, खरे सर्व्हिस डॉग म्हणजे सिग्नल बघून अंधांना रस्ता ओलांडून देणारे लॅब्राडोर, बाकी सगळी सोंगं.

आधी सर्टिफिकेट. तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा, एडीए, सर्टिफिकेट मागतच नाही. जॅकेटही नाही. तेव्हा विकतच्या त्या कागदाची किंमत रद्दीइतकीच. दुकानदाराला शंका आली तर त्याने दोनच गोष्टी विचारायच्या : कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला काम काय शिकवलंय? थापा मारणारे मारतात, मान्य. पण कुत्रा मालकाला आवरेना, तर खऱ्या सर्व्हिस डॉगलाही बाहेर काढता येतं.

विमानाची गोष्ट शिळी झाली. जानेवारी २०२१ पासून, नुसता मनाला आधार म्हणून नेलेला कुत्रा विमान कंपन्या साधा पाळीव प्राणी धरू शकतात.

लॅब्राडोरच? १९२८ साली मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आणलेली बडी नावाची वाट दाखवणारी कुत्री जर्मन शेफर्ड होती. आणि सिग्नल कुत्रा बघत नाही. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो. 'चल' म्हटल्यावरही गाडी अंगावर येत असेल तर कुत्रा जागचा हलत नाही. हे न ऐकणंसुद्धा शिकवावं लागतं बरं का!

'फक्त अंधांचे' हे तर साफ चूक. बहिऱ्या माणसाला पंजाने हलवून दारावरच्या बेलपाशी नेणारे कुत्रे असतात. व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली किल्ली उचलणारे, हँडलला बांधलेली दोरी ओढून फ्रीज उघडणारे असतात. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला वाईट स्वप्नातून जागं करणारेही असतात. इथे कायद्याची रेघ बारीक आहे : कुत्रा जवळ असला की बरं वाटतं, एवढ्यावर तो सर्व्हिस डॉग ठरत नाही, घाबरण्याचा झटका येतोय हे ओळखून शिकवलेलं काही केलं, तर ठरतो. बघणाऱ्याला मात्र दिसतो धडधाकट माणूस आणि शेजारी बसलेला कुत्रा. मेसेजवाल्याच्या 'सोंगां'त नेमकी हीच माणसं सापडतात.