डाव्या लेनच्या नियमाबद्दल: दोन स्टार देणाऱ्या ड्रायव्हरभाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण नवीन ड्रायव्हर आमच्याकडे यायच्या आधी हे पान बघून येतात, म्हणून इथेच देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रक डाव्या लेननेच चालवायचा, या नियमाने कंपनी ड्रायव्हरला बांधून घालते, जीपीएसवर लेन बघून चालत्या गाडीत फोन करते, भत्ता कापते, आणि एसी केबिनमध्ये बसलेल्या मालकाला डाव्या लेनचे हाल कुठून कळणार.

शेवटचं आधी घेतो. डाव्या लेनचे हाल माहीत आहेत. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बेळगाव-पुणे हायवेच्या संकेश्वर-निपाणी पट्ट्यात ती लेन उसाच्या ट्रॅक्टरांचीच असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर असलाच तर मागे बांधलेल्या वाड्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंड्यांखाली झाकलेला, आणि टेपचा आवाज एवढा की हॉर्न देऊन देऊन हात दुखला तरी पुढच्याला पत्ता नाही. त्यात सर्व्हिस रोड सोडून समोरून येणारी मोटरसायकल. ढाब्यासमोर अर्धी रस्त्यावर उभी केलेली गाडी. हे कोण नाही म्हणतंय?

म्हणूनच नियमाच्या कागदावर, जो कन्नड आणि मराठी दोन्हीत छापून प्रत्येक गाडीत ठेवलाय, "उजवीकडे जायचंच नाही" असं कुठेही नाही. पुढे अडथळा असेल तर आरसा बघा, इंडिकेटर द्या, उजवीकडून पार करा आणि परत डावीकडे या, एवढंच आहे. ट्रॉली ओलांडायला कुणी अडवलेलं नाही. मनाई आहे ती दोनच गोष्टींना: धावत्या ट्रकला ट्रकने ओलांडणं, आणि घाट उतरताना ओलांडणं.

पहिल्याचा हिशेब सांगतो. पुढची गाडी 62 ने चाललीय, तुमची भरलेली गाडी जोर लावून 65 ला जाते. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मागे-पुढे सोडायची जागा धरली तर तुम्हाला साधारण 60 मीटर जास्तीचे कापायचे असतात. ताशी 3 किलोमीटरच्या फरकाने त्याला 72 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी 1300 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त आपल्या बाजूच्या दोन्ही लेन बंद. मागे रांग लागते, कुणीतरी डावीकडच्या शोल्डरवरून घुसतो. आणि एवढं करून मिळालं काय? पुढच्या टोलवर दोन्ही गाड्या एकाच रांगेत.

उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसण्याचा खरा धोका समोर नसतो, डाव्या बाजूला असतो. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. उजवी बाजू खिडकीतून वाकून दिसते, डाव्या दाराच्या खालची जागा मात्र आरशातही नीट येत नाही. ट्रक उजवीकडे राहिला की मोटारी आणि मोटरसायकली नेमक्या त्याच आंधळ्या बाजूने पुढे काढतात. पूर्वी ती बाजू किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, बघायचा, हात बाहेर काढून ओरडायचा. आता बहुतेक गाड्यांवर किन्नरच नाही. किन्नर परत ठेवा, असं तुम्ही लिहिलं असतं तर मी निम्मा तरी मान्य केला असता. परवडत नाही, हे खरं कारण.

आता संकेश्वर-निपाणीमधला तवंदी घाट. तुम्ही लिहिलंय, पुढे दहा चाकी रांगत होती, मी फक्त बाजूने काढली, त्यात एवढं काय. गाडीच्या कॅमेऱ्यातली ती क्लिप तुम्हाला ऑफिसात दाखवली होती, पण रिव्ह्यूत तिचा उल्लेख नाही. निपाणीकडे उतार आहे, गाडी कास्टिंगने, म्हणजे लोखंडी ओतीव मालाने, भरलेली, तुम्ही उजवीकडे. दहा चाकी मागे पडते आणि तुमचा इंडिकेटर डावीकडे लागतो. तेवढ्यात एक पांढरी मोटार डावीकडून तुमच्या बंपरसमोर येते. काचेला बांधलेली लिंबू-मिरची पुढे फेकल्यासारखी काचेवर आपटते, इतका जोरात ब्रेक. तुम्ही गाडी सांभाळलीत, हात चांगला आहे तुमचा, ते तेव्हाही बोललो होतो. पण 28.5 टनांपर्यंत पास असलेली गाडी उतारावर दोन-चार वेळा अशी दाबली की ब्रेकचे ड्रम तापतात, आतले लायनर पकडत नाहीत, आणि मग पायाखाली पेडल असून नसल्यासारखं. म्हणून घाट लागायच्या आधी गिअर खाली, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा) चालू, डावी लेन. वंटमुरी घाटालाही तेच. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला तर आम्ही दुसऱ्या दिवशी किल्लीच देत नाही.

जीपीएसवर लेन दिसत नाही, भाऊ. तिथे स्पीड आणि ठिकाण कळतं, लेन कळते ती कॅमेऱ्यात. चालत्या गाडीला ऑफिसातून फोन जात नाही. तुम्हाला फोन गेला तेव्हा गाडी उभी होती, वेळ दोन्हीकडे नोंदलेली आहे. भत्त्यातून एक रुपयाही कापलेला नाही. थांबवला तो त्या महिन्याचा सेफ्टी बोनस, आणि तो कशाने थांबतो हे त्याच कागदावर लिहिलंय.

डाव्या लेनने उशीर होतो म्हणाल, तर पुणे बेळगावहून साधारण 340 किलोमीटर. हिशेबापुरतं 60 च्या सरासरीने 5 तास 40 मिनिटं, 65 च्या सरासरीने सव्वापाच तासांच्या आत-बाहेर. वाचली किती, पंचवीसेक मिनिटं, आणि चाकणला कारखान्याच्या गेटवर नंबर लागेपर्यंत गाडी तासन्तास उभी. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याप्रमाणे सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती द्यावी लागायची, ती आम्ही ट्रिपच्या वेळेत आधीच धरतो. लवकर पोचलात म्हणून जास्त पैसे असला प्रकार आमच्याकडे मुद्दामच ठेवलेला नाही. "गाडी कुठवर आली" म्हणून तगादा लावणाऱ्या पार्ट्यांना मी उत्तर देतो, ते तुमचं काम नाही.

आणखी एक. काही वाईट घडलं तर गाडीला इन्शुरन्स आहे, सोडवून आणता येते. गुन्हा मात्र चालवणाऱ्यावर नोंदतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. पूर्वीच्या कायद्यात दोन होती. लायसन्स तुमचं, माझं नव्हे.

स्टार दोनच ठेवलेत तरी हरकत नाही. तुमचा डिपॉझिटचा हिशेब तयार आहे, ऑटोनगरच्या ऑफिसात कामाच्या दिवशी कधीही येऊन सही करून न्या, येताना लायसन्सची झेरॉक्स आणा. आणि नोकरीसाठी हे वाचणाऱ्यांनी आधी नियमाचा कागद मागून वाचावा, पटला तरच किल्ली घ्यावी.

— मालक, ऑटोनगर, बेळगाव