आधी दहाच्या जोड्या, मग पाठांतर

पहिलीच्या मुलांकडून बेरजेचे तक्ते रोज म्हणून घ्यावेत, असं एका लेखात सुचवलेलं वाचलं. पाठांतराला माझा विरोध नाही, पण सुरुवात तिथून नको. मी देवगडजवळच्या एका गावात पहिली-दुसरीला शिकवते. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी काजूच्या बिया असतात. त्यातल्या दहा मुलाला द्यायच्या (चांगल्या वाळलेल्याच घ्या, ओल्या बियांचा चीक हाताला लागतो) आणि दोन मुठींत वाटायला सांगायचं. एकीत सात, तर दुसरीत किती? एक बी इकडची तिकडे गेली की सात-तीनचे सहा-चार होतात, बेरीज दहाच राहते. हे एकदा हाताला कळलं की ९ + ६ साठी बोटं मोजावी लागत नाहीत. सहातली एक नऊला दिली की दहा आणि पाच, पंधरा. ८ + ५ असेल तर दोन द्यायच्या.

६ + ६ बारा येत असेल, तर ६ + ७ तेरा हे बहुतेक मुलं आपणहून शोधतात. आपण मध्ये बोलायचं नाही, एवढंच.

मला सर्वांत आवडतो तो विषम संख्यांचा चौकोन. एक बी ठेवा, तिच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात मिळून तीन लावा, चारचा चौकोन तयार. पुढे पाच लावल्या की नऊचा, सात लावल्या की सोळाचा. आता पुढच्या खेपेला किती लागतील, हे विचारून थांबा. उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं ओळखलंस?’ हे विचाराच.