खुलासा : रेडियम याखिमोवच्या खाणीत सापडलं नाही

‘मारी क्युरी यांनी चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोवच्या खाणीत उतरून रेडियम शोधलं’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मारी आणि पिएर क्युरी या शास्त्रज्ञ दांपत्याने १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं शोधली ती पॅरिसमध्ये. याखिमोवहून आला तो कच्चा माल. तिथल्या कारखान्यात पिचब्लेंड या खनिजातून युरेनियम काढून काच रंगवण्याचे रंग बनवत. उरलेला चोथा टाकाऊ मानला जाई. त्या चोथ्यातच रेडियम होतं. तो टनावारी पॅरिसला गेला आणि एका साध्या, गळक्या शेडमध्ये काम करून त्यातून रेडियमचा जेमतेम चिमूटभर क्षार हाती आला. मारी प्रत्यक्ष याखिमोवला गेल्या १९२५ मध्ये, शोधानंतर सत्तावीस वर्षांनी. शिवाय १८९८ मध्ये चेक प्रजासत्ताक नव्हतंच. गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं आणि ‘योआखिमस्टाल’ म्हणून ओळखलं जाई.

जर्मन सीमेलगतच्या क्रुश्ने होरी डोंगरांतल्या अरुंद दरीतलं हे गाव १५१६ मध्ये चांदीसाठी वसलं. पुढे १९०६ मध्ये तिथे रेडॉन हा किरणोत्सारी वायू असलेल्या पाण्याचे उपचार सुरू झाले.

खरं तर सांगायला हवी ती दुसरीच गोष्ट, आणि ती त्या फिरत्या मजकुरात कुठेच नाही : १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने हजारो राजकीय कैद्यांना इथल्या छावण्यांत ठेवून, सोव्हिएत संघासाठी युरेनियम खणायला लावलं.