करार व्हावेतच, पण आधी बांधावर या

वैद्यकीय महाविद्यालयांनी जागतिक आरोग्यासाठी परदेशी विद्यापीठांशी करार वाढवावेत, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मान्य. पण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. विंचूदंशाने कोकणात माणसं, त्यातही लहान मुलं दगावायची. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, रक्तदाबाचं औषध प्राझोसिन वापरून जीव वाचवले आणि ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने ते काम छापलं. तेही ग्रामीण डॉक्टर असताना!

आता सिंधुदुर्ग, रत्नागिरी, अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दोडामार्गात काजूच्या बागेत गोचीड चावून होणारा माकडताप, भातलावणीच्या चिखलातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) ताप, हे विषय तिथल्याच विद्यार्थ्यांनी हाती घ्यावेत. परदेशी संशोधक जरूर यावेत. मात्र रक्ताचे नमुने आमचे आणि शोधनिबंधावर नावं फक्त त्यांची, असा करार कुणी करू नये.