भुरी पानावर असते, मामा

‘कॅन्सर म्हणजे साधी बुरशी. बायोप्सी केली की पसरते. रोज तीन चमचे खायचा सोडा लिंबात घ्या, महिन्यात गाठ गायब.’ हा मेसेज परवा निफाडहून मामांनी पाठवला. सोबत एक किस्साही, कुणाला डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि निघाली बुरशी. त्यांच्या जिभेच्या कडेला दीड महिन्यापासून न भरणारी जखम आहे आणि तंबाखू चाळीस वर्षांची. बायोप्सीची, म्हणजे तपासायला जखमेचा तुकडा काढायची, तारीख मिळाली होती, ती मेसेज वाचून पुढे ढकलली! द्राक्षवाल्याला बुरशी म्हटलं की फवारणीच सुचते. म्हणाले, “भुरीवर बायकार्बोनेट मारतोच की आपण.”

मारतो, आणि लागूही पडतं; खायचा सोडाही बायकार्बोनेटच. पण भुरी ही बुरशी पानावर असते मामा, फवारा थेट तिच्यावर पडतो. सोडा लिंबात टाकला की निम्मा ग्लासातच फसफसतो, उरलेला जठरातल्या आम्लात. मागे राहतं सोडियम. सपाट चमचाभर सोड्यात ते साधारण १,२०० मिलिग्रॅम असतं; जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला जेवणखाण धरून दिवसाला २,००० च्या आत राहायला सांगते. तीन चमच्यांचा हिशेब करा, आणि तुम्हाला बीपी आहे. ही सोड्याची टूम पसरवली इटलीच्या तुलिओ सिमोन्चिनीने. त्याचा डॉक्टरकीचा परवाना गेला आणि रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी शिक्षाही झाली. ते मेसेजात नाही.

‘साधी’ बुरशी म्हणे. २०२१ मध्ये म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, जबडे आणि डोळे काढावे लागलेली माणसं नाशिकमध्येच पाहिलीत ना?

बायोप्सीने पसरतो, यावर काय बोलायचं? भूल देऊन डाळीएवढा तुकडा घेतात, बस.

राहिला तो किस्सा, कॅन्सर सांगितला आणि निघाली बुरशी. हे मात्र घडतं, नाइलाजाने मान्य. हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीच्या आजाराची जिभेवरची जखम हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते, फुप्फुसातली गाठही. कॅन्सर शोधायच्या पेट (PET) स्कॅनमध्ये कॅन्सर आणि बुरशी दोन्ही चमकतात. शेतात काटा रुतून पायावर होणारा क्रोमोब्लास्टोमायकोसिस हा बुरशीचाच आजार फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वाढतो. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फसगत होते, कारण बुरशीवरची त्वचा इतकी जाड होते की कॅन्सरच वाटावा. म्हणून तुकडा तपासणारे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, चांदीचा रंग देऊन पाहतात. त्यात बुरशी काळी उठून दिसते. पण त्याला तुकडा लागतो. मेसेज नेमका तोच घेऊ नका म्हणतो! बुरशी निघालीच तरी औषध इट्राकोनॅझोल नाहीतर ॲम्फोटेरिसिन, तेही महिनोन्‌महिने. सोडा तिथेही नाही.

एक गोष्ट सर्जनना आधीच विचारायची आहे. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या द्रावणात, गेला तर त्यातली बुरशी मरते, मग कल्चरमध्ये, म्हणजे ती वाढवून ओळखायच्या चाचणीत, काही उगवत नाही. बुरशीचा संशय असेल तर थोडा भाग सलाइनच्या बाटलीत वेगळा ठेवाल का, एवढंच.

बायोप्सीसाठी मंगळवारची तारीख मी पुन्हा घेतली आहे. सकाळी सातला गाडी घेऊन येतो, मामा. तंबाखूची पुडी घरीच ठेवा.