त्या कपॅसिटरचा निगेटिव्ह पाय

निघाला एकदाचा. निघताना भोकातलं तांबंही सोबत घेऊन आला. गाणी ऐकायच्या माझ्या छोट्या अॅम्प्लिफायरच्या बोर्डावरचा हा कपॅसिटर बदलायला घेतला होता.

पॉझिटिव्ह पायाची काही तक्रार नव्हती. सोल्डरिंगचं आयर्न टेकवलं, डाग (म्हणजे सांध्यातलं सोल्डर) चकाकला, पंपाने ओढला, मोकळा. निगेटिव्ह पाय मात्र थेट ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या, सलग तांब्यात गाडलेला. पाय डागायच्या अशा तांब्याच्या ठिपक्याभोवती, म्हणजे पॅडभोवती, चार बारीक पट्ट्या सोडून बाकीचं तांबं तोडायचं असतं, म्हणजे उष्णता पॅडपाशीच राहते. पीसीबीचा, म्हणजे सर्किट-बोर्डाचा, नकाशा काढायला शिकणाऱ्या नवख्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. इथे तसलं काही नाही. आयर्नची सगळी धग तो तांब्याचा पत्रा गिळतो आणि डाग आपला ढिम्म. त्यात हा बिनशिशाचा डाग, २१७ अंशांच्या आसपास वितळणारा. आपला नेहमीचा शिसं-कथिलाचा १८३ ला पाणी होतो. मग त्यावर आपला डाग चढवा, डाग नीट पसरवणारा फ्लक्स फासा, जाड टोक लावा, खालून तापवा, वरून कपॅसिटर डोलवत बसा. कपॅसिटरचं प्लास्टिकचं आवरण आक्रसून वर सरकलं, खोलीभर फ्लक्सचा धूर झाला, बोटं भाजली, पाय जागेवर. डाग शोषायची तांब्याची वेणी लावून पाहिली, तर तीच पॅडला चिकटून बसली. शेवटी पाय हलला तेव्हा जो आनंद झाला तो टिकला पायाभोवती गुंडाळून आलेली तांब्याची बारीक नळी दिसेपर्यंत.

ती नळी म्हणजे भोकाचं अस्तर. दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या बोर्डावर वरचं ग्राउंड आणि खालचं ग्राउंड तीच जोडते. आता ब्लेडने हिरवा लेप खरवडा, खालचं तांबं उघडं करा, वायरचा तुकडा आरपार घाला आणि दोन्ही बाजूंनी डाग द्या. मुळात चांगला असलेला सांधा तोडून त्याच जागी दुसरा करायचा, याला म्हणे अपग्रेड.

आणि हा उद्योग हौसेखातर नव्हता हो! अॅडाप्टर २४ व्होल्टचा आणि सप्लायवरचा मुख्य कपॅसिटर, म्हणजे हाच, २५ व्होल्टचा. एका व्होल्टाची जागा ठेवलीय. लोड नसताना अॅडाप्टर जरा वर गेला की संपलं. अॅम्प्लिफायरची चिप बिचारी २६ व्होल्टपर्यंत चालवा म्हणते, आणि कपॅसिटर तिच्याआधी शरण. ३५ व्होल्टचा घातला असता तर कोणाचं काय गेलं असतं? गेलं असतं, कारण ३५ व्होल्टचा उंच असतो आणि त्यावर झाकण बसत नाही! हे कळलं सगळं डागून झाल्यावर. डबी छोटी दिसायला हवी ना, तळहातावर मावते म्हणून फोटो काढायचाय. आता कपॅसिटर आडवा झोपवलाय, पायांवर स्लीव्ह चढवल्यात, आणि तो चिप थंड ठेवणाऱ्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली फोमचा तुकडा कोंबलाय.

व्हिडिओवाल्यांना तर मला एका ओळीत उभं करायचंय. 'हे अगदी सोपं मॉडिफिकेशन आहे.' कॅमेरा बोर्डावर, आयर्न पायाजवळ, आणि मग कट. पुढच्या दृश्यात नवा कपॅसिटर बसलेला, बोर्ड चकचकीत, पार्श्वभूमीला गिटार. त्या कटमध्ये काय झालं ते दाखवा की! तिथेच माझी अख्खी दुपार गेली.

खोक्याबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता तोंड सुटलंच आहे. खोक्यावर ३००+३०० वॅट. आत चिप टीपीए३११६. तिची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, म्हणते २१ व्होल्ट आणि ४ ओहमवर चॅनलमागे ५० वॅट, तेही १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड, सोसून. १० टक्के म्हणजे गाणारा ओरडतोय की रडतोय ते कळू नये. बरं, डेटाशीट राहू द्या. सोबतचा अॅडाप्टर २४ व्होल्ट ४ अँपिअर, म्हणजे ९६ वॅट. ९६ वॅट आत घालून ६०० बाहेर काढणारं यंत्र जर कोणी बनवलं असेल, तर त्याने गाणी कशाला वाजवायची, जगाचा वीजप्रश्न सोडवावा.

चिप टीपीए३११६च आहे हेसुद्धा मी विश्वासावरच म्हणतोय. वरचं नाव घासून टाकलंय. का? चोरीचा माल आहे का? अशाच चिपा बनवणारी ट्रायपाथ कंपनी २००७ साली दिवाळखोरीत गेली, तरी तिची टीए२०२४ चिप अजून 'नवी कोरी' म्हणून विकतात. त्या कुठून उपटून आणतात हे विचारायची सोय नाही.

ऑपअॅम्प म्हणजे पॉवर चिपच्या आधी आवाजाचा सिग्नल हाताळणारी छोटी चिप. ती बदलत बसणाऱ्यांचा पंथ निराळाच. सॉकेटमधला एनई५५३२ काढा आणि नावाजलेला दुसरा घाला, मग म्हणे पडदा उघडतो, गायिका दोन पावलं पुढे येते, तबला जमिनीवर टेकतो. अरे, पुढे बसलेली पॉवर चिप ०.१ टक्क्याच्या घरात डिस्टॉर्शन करतेय! त्या मानाने ५५३२ कित्येक पट स्वच्छ आहे. तुम्ही गाळलेलं पाणी आणखी गाळताय आणि मग ते गढूळ हंड्यात ओतताय. त्यात ५५ मेगाहर्ट्झचा एलएम४५६२ अशा बोर्डावर घातला, आणि सप्लायच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल, तर तो ऑसिलेट व्हायला, म्हणजे स्वतःच थरथरायला, बसलेलाच असतो. मग पंथाचे लोक त्याला 'एअर', म्हणजे आवाजातला मोकळेपणा, म्हणतात.

जे खरंच बदलायला हवं त्याबद्दल कोणी बोलत नाही. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते! ३२ नाहीतर ३६ डीबीवर ठेवून देतात, आणि मग ट्विटरजवळ (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ) कान नेला की सूंऽऽ. चिपमध्ये २० डीबीची सोय आहे, गेनच्या पिनवरचे दोन रेझिस्टर बदलले की झालं. पण ते दोन रेझिस्टर मोहरीएवढे, चिमट्यातून उडाले की फरशीवर हुडकत बसायचं. आणि व्हॉल्यूमचं पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रेझिस्टर? त्यावर बी५०के. म्हणजे लिनिअर, वळशाच्या सरळ प्रमाणात वाढणारा. कान लॉगने, म्हणजे पटीपटीने, ऐकतो हे माहीत होऊन जमाना झाला, तरी लिनिअरच. पहिल्या पाव वळशात शेजारी जागे होतात, उरलेला पाऊण वळसा शोभेला. रात्री हळू लावायचं म्हटलं की डावा चॅनल बोलतो आणि उजवा गप्प बसतो, कारण पॉटच्या दोन पट्ट्या खालच्या टोकाला जुळतच नाहीत.

स्पीकरच्या निगेटिव्ह टर्मिनलचं तेच. काळा रंग दिला की ग्राउंड झाला असं वाटतं माणसाला. तो ग्राउंड नसतोच! ब्रिज जोडणी आहे, स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. ऑसिलोस्कोपची (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंडची क्लिप तिथे लावा किंवा दोन्ही चॅनलची काळी टोकं एकत्र जोडा, चिपला मुक्ती मिळू शकते. खोक्यावर ३०० वॅट छापायला जागा आहे, ही एक ओळ छापायला नाही.

असो. वाजतोय. झाकण बसतंय, एक स्क्रू सोडला तर. मी डोळे मिटून नेहमीचं गाणं लावलं आणि मलाही वाटलं, बास भरलाय, घट्ट झालाय, काहीतरी उघडलंय. वर पंथवाल्यांना शिव्या घालून झाल्या होत्या, तरी मान डोलत होती. तेवढ्यात घरातून प्रश्न आला, "आधी वाजत नव्हता का हा?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कपॅसिटर फुटायची भीती गेली, हे खरं. पण फुटला नसता तोवर आवाज हाच आला असता, हेही तितकंच खरं, आणि एका पायापायी खरवडलेला बोर्ड घेऊन हे घरच्यांना समजावणं जमण्यासारखं नाही.

कपॅसिटरचं राहू द्या, त्या निळ्या एलईडीचं काय? गाणं ऐकायला दिवे मालवले की टेबलावर पोलिसांची गाडी उभी. काळी टेप लावली तर प्रकाश बाजूच्या फटींतून छतावर जातो. बोर्ड उघडा होताच, म्हणून तिथला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४७ किलोओहमचा घातला. हा मात्र एका टेकणीत निघाला. आणि घरात सगळ्यांनी न विचारता सांगितलं, आता बरंय.