"लेकरांना काय समजते?" म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. त्याच्या आधी माहेरच्या ग्रुपवर आला होता, शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता, तुमच्याकडेही आलाच असेल. लहान लेकरांना परदेशात फिरायला नेणारे आईबाप स्वतःच्या हौसेपायी लेकरांचे हाल करतात असं त्याचं म्हणणं, आणि खाली कारणं दिलेली: लेकरांना पुढं काहीच आठवत नाही, विमानात कान दुखून रडतात, तिकडं आपलं जेवण मिळत नाही आणि पोट बिघडते, त्यांच्यापायी मोठ्यांचंही काही पाहून होत नाही म्हणून पैसे पाण्यात, तर मोठी झाली की न्या. शेवटी "पटलं तर पुढे पाठवा".

मला पटलं नाही. आणि मी हे हवेत बोलत नाही, आम्ही २०२४ च्या मे महिन्यात सिंगापूरला जाऊन आलो तेव्हा आमची मोठी सहा वर्षांची होती आणि लहाना अडीच वर्षांचा. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेपासून जवळ, घरी कापूस-सोयाबीन, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. नणंदबाई तिकडं नोकरीला आहेत, राहायचा खर्च त्यांच्यामुळं वाचला, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

आता आठवणीचं. हा मुद्दा सगळ्यांना एकदम पटतो कारण अर्धा खरा आहे. मोठेपणी माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, हे मानसशास्त्रात जुनंच आहे, त्यामुळं लहाना तीस वर्षांचा झाला की त्याला सिंगापूर आठवणार नाही हे मी मान्यच करते. पण मेसेजवाला यावरून उडी मारतो की म्हणजे त्याला आताही काही समजत नाही. असं नसते हो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बावर यांनी तीन वर्षांच्या लेकरांशी घडलेल्या गोष्टींवर गप्पा मारून त्या नोंदवून ठेवल्या आणि पुढं काही वर्षांनी त्याच लेकरांना विचारलं, तर पाच ते सात वयात त्यांना साठ टक्क्यांहून जास्त गोष्टी आठवत होत्या, आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर ते प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे आठवण बनते, वर्षानुवर्षं टिकते, मग पुसट होत जाते. दुसरं मला जास्त आवडलेलं न्यूझीलंडचं आहे. तिथल्या मूळच्या माओरी लोकांची सगळ्यात जुनी आठवण सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांच्या वयाची निघाली, तिथल्याच बाकी लोकांपेक्षा बरीच आधीची, आणि अभ्यास करणारे याचा संबंध त्यांच्या घरात जुन्या गोष्टी वारंवार सांगायच्या रीतीशी लावतात. आपल्याकडं रात्री अंगणात बाजा टाकून आजी जे करते तेच की हे! लेकराला आठवत नाही अशी तक्रार करण्याआधी घरी आल्यावर त्याच्याशी त्यावर कितीदा बोललो ते पहा.

आमच्या घरची गोष्ट सांगते. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये तळ्याच्या काठाला एक मोठी घोरपड ऊन खात पडली होती, तिथं त्या मोकळ्याच फिरतात. लहाना तिच्यापासून पाच-सहा हातांवर उकिडवा बसला तो उठायलाच तयार नाही. तिनं जीभ बाहेर काढली की हा पण काढे, तिनं मान वळवली की हा पण वळवे, असं अर्धा तास चालू, आणि आमचे हे घड्याळ पाहून राहिले होते की पुढचं राहते. घरी आल्यावर आजीनं त्याला ती घोरपड शंभरदा विचारली असंल, कशी होती, केवढी होती, शेपटी किती लांब. आता तो साडेचार वर्षांचा आहे, गेल्या पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावर घोरपड निघाली तर सगळे पोट्टे दगड उचलून मागं धावले, हा मधात उभा राहून म्हणे, "मारू नका, तिले जीभ काढू द्या आधी." मोठेपणी तो हे विसरला तरी चालेल, त्या दिवशी ती घोरपड वाचली.

निघताना सासूबाईंनीही हेच विचारलं होतं, "काहून नेता व माय एवढ्या दूर, लेकराइले काय समजते तिथलं?" त्यांना मी काही बोलले नाही. पण आल्यावर नातीनं पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्याच सगळ्यात जास्त ऐकत होत्या. चांगी विमानतळाला लागून ज्युएल म्हणून इमारत आहे, २०१९ ला उघडली, तिच्यात छतातून चाळीस मीटर खाली धबधबा पडतो, इमारतीच्या आत पडणारा जगातला सगळ्यात उंच. मोठी तो पाहून ओरडली, "आई, कोणाचा नळ चालू राहिला!" मे महिन्यात आमच्याकडं नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, लेकराला वाहतं पाणी पाहून आधी तेच सुचणार. मग तिचं सुरू झालं, एवढं पाणी इथं येते कुठून, यांची नदी कुठं आहे. नणंदबाईंनी तिला समजावलं की या देशाला मोठी नदीच नाही, शेजारच्या मलेशियातून पाइपनं पाणी विकत आणतात, १९६२ चा करार आहे तो २०६१ पर्यंत चालतो, आणि २००३ पासून वापरलेलं सांडपाणीच इतकं शुद्ध करतात की ते परत वापरता येते, त्याला न्यूवॉटर म्हणतात. ज्युएलचा तो धबधबाही पावसाच्या पाण्यावरच चालवतात. सहा वर्षांच्या पोरीनं हे सगळं आजीला सांगितलं, शाळा उघडली तर वर्गातही सांगितलं. ती बारा वर्षांची झाल्यावर नेली असती तर तिनं धबधब्यासमोर सेल्फी काढला असता, नळाचं तिच्या डोक्यात आलं नसतं, असं मला मनापासून वाटते.

विमानाचं लवकर सांगते. मुंबईपर्यंत आम्ही विदर्भ एक्सप्रेसनं रात्रभर झोपून गेलो, तिथून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास. कान दुखतात हे खरं आहे पण ते जास्त करून विमान खाली उतरताना, कारण बाहेरची हवा दाटत जाते आणि कानाच्या आतली तेवढ्या लवकर बरोबरीला येत नाही. गिळलं की कानाला घशाशी जोडणारी नळी उघडते. म्हणून उतरायला लागलं की पाजतं लेकरू असंल तर अंगावर घ्या, मोठं असंल तर घोट घोट पाणी पाजत रहा, आणि उतरताना झोपू देऊ नका. सर्दीनं नाक गच्च असंल तर आधी डॉक्टरला दाखवा. आमचा लहाना दहा मिनिटं रडला, बाजूच्या बाईनं त्याच्यासमोर रुमालाची बाहुली करून नाचवली. दहा मिनिटांच्या रडण्यासाठी देश पाहायचा नाही का?

जेवणाबद्दल तर मेसेजवाल्यानं सिंगापूरचा नकाशाही पाहिलेला नाही. तिथं लिटल इंडिया म्हणून अख्खा भाग आहे, सेरंगून रोडवर कोमला विलास हे शाकाहारी हॉटेल १९४७ पासून चालू आहे, टेक्का सेंटरच्या बाजारात मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा सगळं मांडलेलं. लहान्याचं दही-भात आणि इडलीवर भागलं. मोठीनं दुसऱ्या दिवशी नूडल्स मागितल्या आणि खाल्ल्याही. नळाचं पाणी थेट पिता येते, त्यामुळं पोट बिघडायचं अर्धं कारण तिथंच संपते. चार दिवसांचं मेतकूट आणि ज्वारीच्या लाह्या मी सोबत नेल्या होत्या, त्या लाह्या लहान्यानं बसस्टॉपवर बसून संपवल्या. एक मात्र ध्यानात ठेवा, मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड आहे, लेकराच्या हातात बिस्किट असंल तर आत जायच्या आधीच काढून घ्या.

ऊन लागते म्हणणाऱ्यांना मी काय सांगू, मे महिन्यात आपल्याकडं ४५ असते. तिथं ३२ च्या आसपास, दमट फार, घाम वाळत नाही, दुपारनंतर बरेचदा पाऊस. अंगात सुती कपडे आणि पिशवीत छत्री, झालं.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, लेकरांपायी काहीच पाहून होत नाही. हा राग समजून घ्यायसारखा आहे, आमचा पहिला दिवस अगदी असाच गेला. आम्ही यादी करून निघालो, भर दुपारी मर्लायनसमोर, तो साडेआठ मीटरचा सिंह-माशाचा पुतळा, तिथून चायनाटाऊन, तिथून आणखी कुठं, आणि चार वाजता लहाना रस्त्यावर लोळण घेऊन रडला. चूक त्याची नव्हती. आठ देश दहा दिवसांत दाखवणाऱ्या बसमध्ये लेकरू घालून न्यायचं असंल तर मेसेजवाल्याचं बरोबर आहे, नका नेऊ. पण तो दोष यादीचा आहे, लेकराचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवसाला एकच जागा धरली आणि घड्याळ आपलंच ठेवलं. हे घड्याळाचं नीट सांगते कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे, म्हणजे तिथले सकाळचे आठ म्हणजे लेकराच्या अंगात साडेपाच, ते उठणारच नाही, कितीही ओरडा. पण तिथले रात्रीचे पावणेनऊ म्हणजे त्याच्यासाठी सव्वासहा, तेव्हा ते ताजंतवानं असते. गार्डन्स बाय द बेमध्ये पंचवीस ते पन्नास मीटर उंच लोखंडी झाडं आहेत, त्यांच्यावर रोज पावणेआठला आणि पावणेनऊला गाण्यांसोबत दिव्यांचा खेळ होतो, फुकट. आम्ही दहाला निघायचो, दुपारी घरी येऊन झोपायचो, संध्याकाळी परत बाहेर. त्या झाडांखाली लहाना पाठीवर उताणा पडून पाहत होता, त्याला पाहून आम्हीही उताणे पडलो आणि खरं सांगते, मान वर करून पाहण्यापेक्षा ते लाखपटीनं बरं दिसते.

आणि काही जागा तर लेकरांशिवाय मिळतच नाहीत. बोटॅनिक गार्डनच्या आत जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन आहे, तिथं सोबत लहान लेकरू असंल तरच मोठ्या माणसाला सोडतात. फुकट आहे, सोमवारी बंद. बोटॅनिक गार्डन स्वतः १८५९ चं, २०१५ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेही फुकट. आमच्या ह्यांना तिथं रबराच्या झाडांची माहिती सापडली, की १८८८ ला तिथं आलेल्या हेन्री रिडली यांनी झाड न मारता सालीला तिरप्या खाचा पाडून चीक काढायची पद्धत बसवली आणि त्यावर मलायातली, म्हणजे आताच्या मलेशियातली, रबराची शेती उभी राहिली. लेकरं पाण्यात खेळत असताना शेतकरी माणूस एक तास त्या झाडाच्या सालीपाशी उभा होता. हे मोठ्या माणसाचं पाहून झालं की नाही झालं?

मेट्रोचंही सांगायलाच हवं. आमच्या स्टेशनवर गाडी येताना मी लेकरांचं मनगट लाल होईस्तोवर धरून ठेवते, तिथं फलाटाच्या कडेला काचेची दारं आहेत, गाडी थांबली की तीच उघडतात, स्टेशनात लिफ्ट, बाबागाडी सरळ आत जाते. पहिल्यांदा मी फलाटावर लहान्याचा हात सोडला तेव्हा माझ्याच खांद्यावरून वजन उतरलं. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं लेकरू मोठ्यांसोबत फुकट जाते. निघायच्या आधी अंगणवाडीच्या ताईंनी लहान्याची उंची भरली होती ८७, ते कार्डावर लिहिलेलंच होतं, म्हणून मला आधीच माहीत होतं.

राहिलं पैशाचं आणि मोठी झाली की न्या. कर्ज काढून कोणीच जाऊ नये, कापसाचे पैसे घरात आले नसते तर आम्हीही गेलो नसतो. पण मोठी झाल्यावर स्वस्त पडते हे गणित चुकीचं आहे. विमानात दोन वर्षांखालच्या, मांडीवरच्या लेकराला थोडंसंच भाडं असते, दोन पूर्ण झाले की सीट घ्यावी लागते, आणि बारा झाले की पूर्ण मोठ्या माणसाचं तिकीट. सिंगापूरच्या मांडई भागातल्या झूमध्ये तीनखालच्यांना तिकीट नाही, लहान्याचे तिथं पैसे लागले नाहीत. आणि मोठी झाली की म्हणजे कधी? दहावी, मग नीटचे क्लास, तेव्हा आपलं लेकरू चार दिवस आपल्याला मिळते का? आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी असंच ठेवत ठेवत नेलं, पोरगा सतरा वर्षांचा, हॉटेलच्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता, असं त्याच सांगतात.

आधी आपलं तर दाखवा असंही कोणी म्हणेल. दाखवतोच की, चिखलदरा झालं, ताडोबाही झालं. एकानं दुसरं अडत नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी एवढं: लेकराचा पासपोर्ट वेगळा लागतो, अगदी तान्ह्या बाळाचाही, आणि त्याची मुदत पाच वर्षं असते. सिंगापूरचा व्हिसाही प्रत्येक लेकराचा वेगळा, आम्हाला एका एजंटनं लहान्याचा लागत नाही म्हणून सांगितलं होतं, ते खोटं निघालं, नणंदबाईंनी वेळेवर टोकलं म्हणून बरं. पोचायच्या तीन दिवसांच्या आत अरायव्हल कार्ड (देशात शिरायचा फॉर्म) ऑनलाइन भरायचं असते, ते फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.